बाळदेवाची गुहा आणि प्लेटोचा कायदा

क्रीट बेटाच्या पूर्वेला, डोंगरांच्या कड्यात लसिथी नावाचं पठार आहे. उंची सुमारे ८४० मीटर. बटाट्याची शेतं, सफरचंदाच्या बागा आणि मधूनमधून जुन्या पवनचक्क्यांचे सांगाडे. विहिरींचं पाणी उपसण्यासाठी एके काळी इथे पांढऱ्या कापडी शिडांच्या हजारो चक्क्या फिरत. पठाराच्या कडेला प्सिख्रो हे गाव, आणि गावाच्या डोक्यावर, १०२५ मीटरवर, डोंगराच्या पोटात शिरणारी एक गुहा. चढण लांबची नाही, पण उभी आहे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी खाली गाढवं मिळतात. तिकीट काढून आत शिरलं की उन्हाचा ताप एकदम मागे पडतो. पायऱ्या खाली खाली उतरत जातात, हवा ओलसर होते आणि तळाशी साचलेल्या पाण्याभोवती चुनखडीचे उंच खांब दिसू लागतात. वरून लोंबणाऱ्या, घड्याघड्यांच्या एका प्रचंड खडकाला ‘झ्यूसचा झगा’ म्हणतात. ग्रीकांच्या देवांचा राजा इथेच जन्मला, असं वाटाडे सांगतात.

१९०० साली डेव्हिड होगार्थ या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने ही गुहा खणली. वरच्या दालनात कोसळून पडलेल्या शिळा त्याने सुरुंगाने फोडल्या. त्यांच्याखाली वेदी निघाली, राखेचे थर, मातीची भांडी आणि अर्पणाच्या दगडी चौरंग्या निघाल्या. खालच्या अंधाऱ्या दालनाकडून मात्र कुणाला फारशी आशा नव्हती. मजूर पाण्याच्या कडेचा चिखल चाचपत होते. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांच्यातल्या एकाने हातातली मेणबत्ती चुनखडीच्या खांबाच्या खाचेत खोचली, आणि त्या उजेडात त्याला फटीत हिरवट पडलेली कडा दिसली. काशाचं पातं होतं ते. मग सगळेच खांबांच्या फटी तपासू लागले. हात पोचेल तिथवर प्रत्येक चिरेत काही ना काही कोंबलेलं होतं: पाती, टाचण्या, बोटाएवढ्या दुधारी कुऱ्हाडी. असे शेकडो जिन्नस निघाले. काहींवर तर नंतरच्या शतकांत चुन्याचा थर चढून ते खडकाचाच भाग होऊन गेले होते.

या वस्तू कुणी ठेवल्या असतील? त्यांतल्या बऱ्याचशा मिनोअन काळातल्या, म्हणजे होमर आणि हेसिअड या ग्रीक कवींच्याही कैक शतकं आधीच्या. दिवटी घेऊन निसरड्या उतारावरून खाली यायचं, गार पाण्याच्या कडेने चालायचं, एक फट शोधायची आणि घरून आणलेली वस्तू तिच्यात सरकवून परत फिरायचं. पुन्हा ती कुणाच्या नजरेस पडणार नाही, देणाऱ्याच्या गावकऱ्यांच्याही नाही. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो.

गुहेची कथा ग्रीक वाङ्मयात पहिल्यांदा सापडते ती हेसिअडकडे, इसवी सन पूर्व ७०० च्या सुमारास. झ्यूसच्या बापाला, क्रोनसला, भाकीत कळलेलं असतं की पोटचाच एक पोर त्याला सिंहासनावरून खाली खेचणार. म्हणून त्याच्या बायकोला, रियाला, मूल झालं की तो ते गिळून टाकी. शेवटच्या खेपेला रियाने बाळ क्रीटला नेलं, एका गुहेत लपवलं आणि नवऱ्याच्या हाती कापडात गुंडाळलेला धोंडा दिला. त्याने तोच गिळला. हा धोंडा पुढे डेल्फीला होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसानियस या प्रवाशाने तो पाहिला आणि त्यावर रोज तेल ओततात, अशी नोंद करून ठेवली. नंतरच्या लेखकांच्या कथेत बाळ गुहेत अमाल्थिया शेळीच्या दुधावर आणि मधमाश्यांच्या मधावर वाढलं. ते रडू लागलं की कुरेटीज नावाचे तरुण त्याच्याभोवती नाचत आणि ढालींवर शस्त्रं आपटून असा गलका करत की बापाच्या कानी रडणं जाऊ नये.

गुहा नेमकी कोणती, यावर जुन्या काळापासून एकमत नाही. हेसिअड लिक्टोस या गावाचं नाव घेतो, ते लसिथीच्या बाजूचं. नंतरचे लेखक कुणी डिक्टी डोंगर सांगतात, कुणी इडा. खुद्द डिक्टी कुठला यावरही वाद आहे. स्ट्रेबो हा भूगोलकार तो बेटाच्या पार पूर्व टोकाला नेऊन ठेवतो.

इडाची गुहा बेटाच्या मध्यभागी, आज प्सिलोरिटिस म्हणतात त्या पर्वताच्या अंगावर आहे. अनोगिया गावातून वर जाणारी वाट निडा पठारावर पोचते. आजूबाजूला मेंढपाळांच्या नुसत्या दगडावर दगड रचून बांधलेल्या झोपड्या, आणि मग जवळपास दीड हजार मीटर उंचीवर गुहेचं अवाढव्य तोंड. इथे काशाच्या कोरीव ढाली सापडल्या, पूर्वेकडून आलेलं हस्तिदंती काम सापडलं. प्राचीन काळी लांबलांबून लोक येत ते इथे. प्लेटोच्या ‘लॉज’ या अखेरच्या आणि सगळ्यात मोठ्या संवादातले तिघे म्हातारे निघालेत तेही झ्यूसच्या गुहेकडेच, आणि अभ्यासक ती हीच मानतात. एक अथेन्सचा, एक स्पार्टाचा आणि एक क्नोसस या क्रीटमधल्याच नगराचा. उन्हाळ्याचा दिवस आहे, वाट लांबची आहे, वाटेत सुरूच्या झाडांची सावली आहे. अथेन्सकर सुरुवातीलाच विचारतो, तुमचे कायदे देवाने केले की माणसाने? क्रीटकर एका झटक्यात उत्तर देतो: देवाने. मिनोस राजा दर नवव्या वर्षी या गुहेत जाऊन बापाशी, झ्यूसशी बोलत असे आणि तिथून कायदे घेऊन येई, अशी क्रीटची परंपराच होती.

दहाव्या प्रकरणात हे बोलणं देवांवर येतं. देवांविषयी तीन चुकीच्या समजुती समाजाचा घात करतात, असं अथेन्सकर म्हणतो. देव नाहीतच, ही एक. आहेत, पण त्यांना माणसांची पर्वा नाही, ही दुसरी. आणि आहेत, पर्वाही करतात, पण बळी आणि नजराणे दिले की त्यांचं मन वळतं, ही तिसरी. प्लेटोच्या लेखी तिसरी सगळ्यात वाईट. तो विचारतो, कळप राखणाऱ्या कुत्र्यांना लांडग्यांनी शिकारीतला वाटा दिला आणि कुत्र्यांनी कळप फाडू दिला, तर त्या कुत्र्यांना काय म्हणायचं? लाच घेऊन अन्यायाकडे काणाडोळा करणारा देव याहून वेगळा कुठे?

हे बोलत ते तिघे ज्या वाटेवरून चालले आहेत, तिच्या टोकाची गुहा नजराण्यांनी भरलेली आहे.

प्लेटोचा आक्षेप वरवरचा नाही. दुसऱ्याला लुबाडून आलेल्या पैशातून देवळाला दान करणारा माणूस त्याने पाहिलेला होता. असा माणूस कुठल्या काळात नसतो? देवाला विकत घेता येतं असं एकदा मानलं की न्यायाचा पायाच ढासळतो. दुबळ्याचा कैवार घेणारं मग वर कुणी उरत नाही. धर्माचा विचार करणाऱ्या कुणालाही हे मान्यच करावं लागेल.

पण प्सिख्रोच्या फटीतलं पातं या आरोपात बसत नाही. लाच अशा हातात दिली जाते ज्याच्याकडे सत्ता आहे. या गुहेत कथेनुसार जो आहे तो अजून राजा नाही. तो तान्हा आहे, भुकेला आहे, लपवलेला आहे आणि त्याच्या रडण्याचा आवाजसुद्धा दुसऱ्यांनी झाकायचा आहे. त्याच्यासमोर आलेला माणूस याचक होण्याआधी राखणदार होतो. ज्याचं अजून शेळीच्या दुधावर पोषण चाललं आहे त्याला फितवणार कसं? इथे देणं म्हणजे सांभाळ करणाऱ्यांत आपलाही हात लावणं. प्लेटोच्या कायद्यात देव माणसाची काळजी घेतो. गुहेच्या कथेत आधी माणसांनी, प्राण्यांनी आणि मधमाश्यांनी देवाची काळजी घेतली आहे. धर्माची ही दुसरी बाजू तत्त्वज्ञानाच्या नजरेतून सहसा निसटते, आणि ती पहिलीपेक्षा कमी खोल नाही.

फटीत वस्तू सरकवणाऱ्यांनी तिथे झ्यूस हेच नाव घेतलं की दुसरं, हे त्या वस्तूंवरून ठरत नाही. तरी नाव पुष्कळ जुनं आहे. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये उलगडलेल्या लिपीतल्या क्नोससच्या मातीच्या पाट्यांवर डिक्टीच्या झ्यूसला पाठवलेल्या तेलाचा हिशेब आहे. त्याच दप्तरातल्या दुसऱ्या एका पाटीवर अम्निसोसच्या एलिथियासाठी मधाचा एक रांजण मांडलेला आहे. एलिथिया ही बाळंतपणाची देवी, तिचीही गुहाच. तिथे जमिनीतून वर आलेल्या एका खांबाभोवती बुटकी भिंत बांधलेली आजही दिसते. तेल आणि मध: बाळंतिणीच्या घरात लागाव्यात अशाच या वस्तू आहेत.

जन्मलेला देव मरतोही का? क्रीटकरांनी या प्रश्नालाही बगल दिली नाही. हेराक्लिओन शहरातून दक्षिणेला पाहिलं की ८११ मीटर उंचीचा युक्तास डोंगर दिसतो. एका बाजूने तो उताण्या पडलेल्या दाढीवाल्या चेहऱ्यासारखा भासतो. झ्यूसची समाधी तिथे आहे, असं बेटावरचे लोक सांगत. इतर ग्रीकांना याचा भयंकर राग येई. इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॅलिमॅकसने आपल्या स्तोत्रात क्रीटकरांना थेट खोटारडे ठरवलं: देव अमर आहे, त्याचं थडगं कसं असेल? त्याच्या थोडं आधी युहेमेरस या लेखकाने उलटा निष्कर्ष काढला होता की झ्यूस हा मुळात एक राजाच होता. पुढे ख्रिस्ती लेखकांनी हीच समाधी पुरावा म्हणून उचलली आणि ग्रीकांचा देव कसा मर्त्य आहे ते दाखवलं. या तिन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीतच धरली होती: देव एक तर कायमचा असेल, नाही तर मुळीच नसेल. क्रीटच्या माणसाला ही सक्ती वाटत नव्हती.

त्याला काय वाटत होतं, हे एका दगडाने सांगितलं. बेटाच्या पूर्व टोकाला पॅलेकास्त्रो इथे १९०४ मध्ये डिक्टीच्या झ्यूसच्या देवळाच्या जागी एका शिलालेखाचे तुकडे सापडले. अक्षरं इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली, गीत त्याहून काही शतकं जुनं. त्यात झ्यूस दाढीवाला सम्राट नाही. तो कुमार आहे, तरुणांमधला सर्वश्रेष्ठ. भक्त त्याला बोलावतात की याही वर्षी डिक्टीला ये आणि आमच्यासोबत उड्या मार: भांड्यांसाठी, मेंढरांसाठी, पिकांसाठी, नगरांसाठी, समुद्रावरच्या जहाजांसाठी, नव्या नागरिकांसाठी आणि न्यायासाठी. मागणं आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते एकट्याचं नाही, गुपचूप सवलत मागणारं नाही, आणि त्याच्या यादीत न्याय आहे. दरवर्षी यावं लागणारा देव हा दरवर्षी जाणारा देव असतो. समाधी आणि पाळणा एकाच बेटावर का, याचं याहून सरळ उत्तर मिळणं कठीण.

म्हणून कुठल्याही गुहेला कुठलीही कथा चिकटवता येते, असं मात्र नव्हे. सिकंदराचं सैन्य हिंदुकुशात पोचलं तेव्हा मॅसेडोनियन सैनिकांना एक गुहा दिसली, आणि पुराणकथेतल्या प्रॉमिथ्यूसला साखळदंडांनी बांधलं होतं ती हीच, असा बोभाटा त्यांनी केला. पृथ्वीचा घेर मोजणाऱ्या एराटोस्थेनिसने ही गोष्ट फेटाळली. सिकंदराचा बडेजाव वाढवण्यासाठी ती रचली, असं त्याचं मत इतिहासकार एरिअनने नोंदवून ठेवलं आहे. त्या गुहेत कुणी दिवटी घेऊन उतरलं नव्हतं, कुणी काही ठेवलं नव्हतं. सैन्य पुढे निघून गेलं. मात्र त्याच पर्वतांच्या पलीकडे आय खानूम या ग्रीक नगरात १९७० मध्ये अगॅथोक्लीस राजाची चांदीची नाणी निघाली. त्यांच्या एका बाजूला नांगर घेतलेला बलराम आहे आणि दुसऱ्या बाजूला चक्र धरलेला वासुदेव. मामाच्या भीतीने रातोरात लपवलेल्या मुलाला तिथल्या ग्रीक राजाने आपल्या नाण्यावर घेतलं. ही ओळख विजयाच्या गर्जनेतून आलेली नव्हती, शेजारात राहून झालेली होती.

प्लेटोने आपल्या आदर्श नगराची जागा याच क्रीटमध्ये ठरवली होती. त्या नगरात खासगी देव्हाऱ्यांना त्याने बंदी घातली, देवांना लाच देता येते म्हणणाऱ्यांसाठी तुरुंग नेमला. पण त्याच ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणात तो कायदे करणाऱ्याला बजावतो की डेल्फी, डोडोना, अमॉन या देवस्थानांच्या वचनांनी किंवा जुन्या आख्यायिकांनी जी स्थानं पवित्र ठरली आहेत त्यांना हात लावू नकोस. कारणही देतो: तिथल्या जत्रांना लोक एकत्र येतात, एकमेकांशी आपुलकीने वागतात, एकमेकांना ओळखू लागतात, आणि नागरिक परस्परांना ओळखत असण्याएवढं हित नगराला दुसरं नाही. युक्तासच्या माथ्यावर आज ‘प्रभू ख्रिस्ता’चं चर्च आहे. तिथून जवळच मिनोअन काळातलं डोंगरमाथ्याचं देवस्थान उत्खननात उघडं झालं आहे. दर ६ ऑगस्टला पायथ्याच्या अर्खानेस गावातली आणि आसपासची माणसं सणासाठी हा डोंगर चढतात.