पाच वाजेपर्यंत उभे असलेले

पुण्यात मी फरशी आणि प्लास्टरची छोटी कामं घेतो. माझ्याकडे माणसं येतात ती बहुतेक मिस्त्रीच्या शब्दावर, आणि कमी पडली तर मजूर अड्ड्यावरून. मिस्त्रीचा शब्द मला मोलाचा वाटतो. तो भाच्याला आणतो तेव्हा आपली पत त्याच्यामागे लावतो. पोरानं न सांगता खाडा केला, तर मी बोलायच्या आत मामाच त्याला झाडतो. बिल अडकलं म्हणून पैसे लांबले, तर जाबही तोच मला विचारतो.

पण ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कुणीच नाही, त्याचं काय? त्याचं मी काही देणं लागतो का?

मत्तयाच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. आमच्या चर्चमध्ये त्यावर बोलणं होतं ते मजुरीचं: पहाटेपासून राबला त्याला एक दीनार, आणि शेवटचा तासभर आला त्यालाही एक दीनार, हा कुठला न्याय? माझं मन त्याआधीच अडतं. हा धनी पहाटे बाजारात जातो, मग नऊला, बाराला, तीनला आणि पाचलाही जातो. पाचला उभे असलेले सांगतात, की आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. तुम्ही कुणाचे, तुमच्यासाठी कोण बोलेल, हे तो विचारत नाही. मळ्यात जा म्हणतो.

असे मागे राहणारे कोण, ते अड्ड्यावर दिसतं. टेम्पो थांबला की ठेकेदार आधी खांदे बघतो, मग तळवे. सिमेंटनं चिरलेले असले की माणूस सरावलेला. ओळखीचे चेहरे पहिल्या तासात उचलले जातात, पाठोपाठ नवरा-बायकोच्या जोड्या. दहानंतर उरतात केस पिकलेले, एकटी आलेली बाई, आणि नुकताच गावाकडून उतरलेला पोरगा. अकराच्या सुमारास तो फडक्यात बांधलेला डबा तिथंच सोडतो. कामावर खायची भाकरी रस्त्यावर खाल्ली, की त्या दिवसापुरती आशा संपलेली असते.

ओळखीचं दार आतल्यांना उघडतं तसं बाहेरच्यांना लागतंही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर, म्हणजे माणसं भरणारे मुकादम, आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं भरायचे, वर दस्तुरी घ्यायचे. जास्त पगाराच्या विणखात्यात दलितांना शिरकाव नव्हता. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढे केलं जाई. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तिथं प्रत्येक जण आपल्या माणसाचं भलंच करत होता, आणि त्या भलेपणातूनच भिंत उभी राहिली. मला याची भीती वाटते.

द्राक्षमळ्याच्या त्या दाखल्यातले शब्द घेऊन इंग्रज लेखक रस्किननं १८६० मध्ये आपल्या निबंधांना ‘अनटू धिस लास्ट’, म्हणजे ‘या शेवटच्यालाही’, हे नाव दिलं. १९०४ मध्ये गांधीजींनी ते पुस्तक दक्षिण आफ्रिकेत रेल्वेच्या प्रवासात वाचलं आणि पुढे ‘सर्वोदय’ नावानं त्याचा सारांश गुजरातीत आणला. अशा शेवटच्या माणसासाठी आपल्या राज्यात वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खेड्यातला अंगमेहनतीला तयार असलेला कुणीही काम मागू शकतो, त्याच्यासाठी कुणी शब्द टाकावा लागत नाही. शहरातल्या अड्ड्याला असा कायदा नाही. तिथं तो धनी होणं आम्हा छोट्या ठेकेदारांवरच येतं, आणि मी याला दानधर्म समजत नाही. माणूस कामाला तयार उभा आहे आणि माझ्याकडे काम आहे, एवढ्यानं त्याचा पहिल्या दिवसावर हक्क होतो, असं मी मानतो.

मिस्त्रीला हे पटत नाही. अनोळखी माणूस परांचीवरून पडला तर त्याच्या घरी कळवायचं कुणाला, असं तो विचारतो, आणि हा प्रश्न खरा आहे. म्हणून नवीन माणसाला आम्ही आधी खाली माल कालवायला ठेवतो, वर चढवत नाही. गावाचा पत्ता आणि घरचा फोन पहिल्याच सकाळी लिहून घेतो. हजेरी मात्र जुन्या बिगाऱ्याइतकीच, तीही त्याच संध्याकाळी रोख. यातल्या शेवटच्या गोष्टीवरून आमचा वाद अजून चालू आहे.