दोघांची मीटिंग

परळच्या एका चाळीत एक फिटर राहत असे. हाताला गुण होता. बिघडलेलं यंत्र त्याच्यापुढे आलं की सुरू होऊनच जाई. पण संध्याकाळ झाली की तेच हात कापू लागत आणि पाय गुत्त्याकडे वळत. दारू सोडण्याचे आपल्याकडचे सगळे उपाय त्याने करून पाहिले होते. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आळंदीला जाऊन माळ घातली. शपथ मोडली, माळ उतरून देव्हाऱ्यात गेली. माळ घालून सुटलेली माणसं गावोगाव आहेत, त्यांच्यापुढे हात जोडावेत. याची मात्र सुटली नाही, आणि त्या लाजेनं तो आणखीच पिऊ लागला.

एके दिवशी बायकोनं पत्ता आणला. महापालिकेची शाळा, तळमजला, संध्याकाळी सात, ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची मीटिंग. “फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा असली की झालं,” ती म्हणाली.

जुलैचा पाऊस कोसळत होता. फाटकावर पाटी नव्हती. पानवाल्याला विचारावं तर त्याला कळेल, म्हणून तो दोनदा शाळेवरून तसाच पुढे गेला. खरं तर पानवाल्यापासून मुकादमापर्यंत सगळ्यांना केव्हाचं ठाऊक होतं. आपलं पिणं झाकलेलं आहे असं फक्त पिणाऱ्यालाच वाटतं. शेवटी एका वर्गात दिवा दिसला आणि तो आत शिरला.

साठी उलटलेले एक गृहस्थ बाकं ओढून गोल मांडत होते.

“मीटिंग इथंच का?”

“इथंच. या, बसा.”

“बाकीचे?”

“गाड्या बंद पडल्यात. आज कुणी यायचं दिसत नाही.”

“मग मी पुढच्या खेपेला येतो. आज मीटिंग नाहीच म्हणायची.”

“तुम्ही आलात ना? दोघं पुरतात. हे सगळं सुरूच दोघांपासून झालं,” काका म्हणाले आणि बाकावर टेकले.

“१९३५ सालची गोष्ट. अमेरिकेत अॅक्रन नावाच्या गावी न्यूयॉर्कचा बिल विल्सन कामाला आला होता. पाचेक महिने त्यानं थेंब घेतला नव्हता. पण काम फसलं. हॉटेलात एकटा, खिसा रिकामा, एका अंगाला बारमधली हसाखिदळी आणि दुसऱ्या अंगाला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला. गावातल्या चर्चची यादी बघून एका पाद्र्याला म्हणाला, मला इथला एखादा दारुडा गाठून द्या, त्याच्याशी बोललो तरच मी वाचेन. फोनावर फोन केले तेव्हा डॉक्टर बॉब स्मिथचा पत्ता लागला. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, आणि हात थरथरणारे. पंधरा मिनिटंच बसेन असं ठरवून आला आणि रात्री अकरा वाजून गेले तरी दोघं बोलतच होते. उपदेश त्याला आधी पुष्कळांनी केला होता. स्वतःवर बेतलेलं सांगणारा हा पहिलाच भेटला. नंतर डॉक्टर एकदा घसरले, पण त्याच जूनमध्ये जो शेवटचा घोट घेतला, त्यानंतर मरेपर्यंत घेतला नाही.”

“त्या डॉक्टरचं भलं झालं,” फिटर म्हणाला.

“बिलचंही झालं. तो उपकार करायला निघालाच नव्हता, स्वतःचा जीव वाचवायला निघाला होता.” काका क्षणभर थांबले. “आज दुपारी मी थोरल्या भावाला पोचवून आलो. सतरा वर्षं सोडलीय, तरी येताना बारच्या दाराशी पाय अडले. बाकं लावायची होती म्हणून इकडे आलो. तू आला नसतास तर परतीच्या वाटेवरही तो बार होताच. तू मदत मागायला आलास आणि मला देऊन बसलास. इथं ती अशीच मिळते, बाबा.”

फिटरला काय बोलावं सुचेना. मग तो बोलू लागला. पगाराचं पाकीट, मुलीच्या शाळेतला तमाशा, बायकोचं मोडलेलं मंगळसूत्र. काका मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, “सकाळी हात कापतात? कधी फिट आली होती?”

“एकदा आली होती.”

“मग आज एकट्यानं एकदम तोडू नकोस, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवायचं. वहिनींना सांग, रात्रीच निघू. मी येतो बरोबर.”

काही दिवस इस्पितळात गेले. औषधांनी हात थांबले, भूक लागली. घरी सोडल्यावर फिटर रोज मीटिंगला जाऊ लागला. एका संध्याकाळी काका म्हणाले, “उद्या वॉर्डात जायचंय. तुझ्याच वयाचा एक जण आहे, भिंतीकडे तोंड करून पडलाय. तू बोल त्याच्याशी.”

“मी? मला सोडून पंधरा दिवस नाही झाले!”

“तेवढ्याच दिवसांचं सांग.”

दुसऱ्या दिवशी वॉर्डात फिटरनं स्टूल ओढलं, खाटेजवळ बसला आणि शाळेचं फाटक सापडत नव्हतं तिथपासून सांगायला लागला.