न आलेल्याचा हक्क



आपल्या धर्मग्राम कार्यालयाच्या नूतनीकरणाचा आराखडा पाळकीय मंडळापुढे आला, तेव्हा टेबल कुठे, कपाटे कुठे यावर बरीच चर्चा झाली. शेवटी विषय निघाला नवीन शौचालयांचा. जागा वाचावी म्हणून ती मागच्या ओट्यावर, दोन पायऱ्या चढून, दोन फुटी दरवाजाची दाखवली होती. एका भगिनीने विचारले, "व्हीलचेअरवरचा माणूस इथे कसा जाणार?" त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "फादर, आपल्या कार्यालयात व्हीलचेअरवरून येतो कोण? वर्षभरात एकही आलेला नाही. लोकांच्या घामाचा पैसा आहे, जपून वापरू या."

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. पैसा जपणे हेही आपले कर्तव्यच आहे. म्हणूनच त्या प्रश्नाला घाईने उत्तर न देता आपण सर्वांनी मिळून विचार करावा असे आम्हाला वाटते.

कोणी येत नाही, म्हणून सोय नको, असे आपण म्हणतो. पण सोय नाही म्हणूनच कोणी येत नसेल तर? सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना पहिला धडा असतो की कार्याला कारण समजू नये. घरातल्या आजींचा दाखला न्यायला मुलगा येतो. गुडघ्याचे ऑपरेशन झालेले काका बाहेर रिक्षातच बसून राहतात. काही जण येतात, पण सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता येतात, कारण लघवीला जायची वेळ आली तर काय, ही भीती असते. ही माणसे आपल्या मोजदादीत कधीच दिसत नाहीत. पायऱ्यांनी त्यांना आधीच वगळलेले असते, आणि मग आपण त्या पायऱ्यांनाच साक्षीला बोलावतो!

हा प्रश्न जगात इतरांनाही पडला आहे. अमेरिकेत १२ मार्च १९९० रोजी अपंग नागरिकांनी कुबड्या आणि व्हीलचेअर बाजूला ठेवल्या आणि कॅपिटॉलच्या, म्हणजे तेथील संसद भवनाच्या, पायऱ्या हातापायांवर रांगत चढल्या. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षी २६ जुलैला त्यांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यानुसार एखाद्या कार्यालयाचे नूतनीकरण करताना ज्या भागाला हात लावला, तो अपंगांना वापरता येईल असा करावा लागतो. शिवाय मुख्य कामाच्या जागेत बदल केला, तर तिथवरची वाट आणि तिथले शौचालयही सुगम करावे लागते. या जादा कामाचा खर्च मूळ कामाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल, तर तेवढ्या मर्यादेत जे होईल ते करायचे. आधी प्रवेशद्वार, मग वाट, मग निदान एक शौचालय, असा क्रमही ठरलेला आहे.

आपल्या देशात असा पहिला कायदा १९९५ साली झाला आणि त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने घेतली. सुगमतेचे नियम पाळले नाहीत, तर नव्या बांधकामाला परवानगी मिळू नये, असे तो सांगतो. त्यातली 'सार्वजनिक इमारती'ची व्याख्या आपण नीट वाचावी. खाजगी मालकीची, पण लोकांच्या वापराची वास्तू तीत येते. कामाचे ठिकाण येते, आणि धार्मिक कार्यासाठी वापरली जाणारी वास्तूही येते. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान काही निकष सक्तीचेच हवेत.

पण कायदा आहे म्हणून करू या, एवढेच म्हणून आपण थांबायचे का? खरा प्रश्न असा की ही सोय म्हणजे आपण दाखवलेली दया आहे, की त्या माणसाचे देणे? संत थॉमस अक्वायनस यांनी ज्याचे त्याला देण्याच्या स्थिर इच्छेला न्याय म्हटले. दया देणाऱ्याच्या मनावर असते. तिच्यासाठी हाक मारावी लागते, वाट पाहावी लागते. "आम्ही दोन तरुण उचलून नेऊ की," असे आपण प्रेमानेच म्हणतो. पण शौचालयात उचलून नेले जाताना त्या माणसाला काय वाटत असेल? आपल्या मदतीची किंमत तो स्वतःच्या लाजेने मोजतो. भिंतीला बसवलेल्या दांड्याला मात्र विनंती करावी लागत नाही.

कफर्णहूमच्या त्या चार मित्रांचे कौतुक आपण नेहमी करतो. त्यांनी छप्पर उघडून पक्षाघाती मित्राला प्रभूसमोर सोडले. पण दार कोणी अडवले होते? त्या गर्दीत वाईट माणसे नव्हती. ती प्रभूचे वचन ऐकायलाच जमली होती. चांगली माणसेही नकळत दार अडवतात, हे आपण स्वतःला सांगायला हवे.

खर्चाची मर्यादा खरी आहे आणि अमेरिकेचा कायदाही ती मानतो. पण ती मर्यादा 'किती करावे' याला असते, 'करावे की नाही' याला नसते. शिवाय आपली शौचालये अजून कागदावरच आहेत. आज रेघ खोडून चालेल, उद्या भिंत फोडावी लागेल. ९०० मिलिमीटरचा, बाहेर उघडणारा किंवा सरकता दरवाजा, आत व्हीलचेअर वळवायला पाच फुटांची मोकळी जागा, कमोडशेजारी धरायला दांडे आणि पाय न घसरणारी फरशी, एवढे तर हवेच. उतरण करायची, तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. त्यापेक्षा शौचालय ओट्यावर न नेता खालच्या पातळीवरच का घेऊ नये? त्यासाठी एक कपाट कमी करावे लागेल, इतकेच.

आराखडा कार्यालयात ठेवला आहे. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले, काठी घेऊन चालणारे किंवा व्हीलचेअर वापरणारे कोणी आहे, त्यांनी तो घरी नेऊन दाखवावा आणि काय अडते ते विचारून यावे. आम्हीही काही घरी येऊ. पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पाळकीय मंडळ पुन्हा बसेल. ती उत्तरे ऐकल्याशिवाय आराखड्यावर सही करायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.

आपले प्रमुख धर्मगुरू