न दिसणे आणि नसणे

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेले की सातपुड्यातले मोलगी लागते. गेल्या चैत्रात तेथे कीर्तनास गेलो होतो. कीर्तन आटोपल्यावर एक विद्यार्थी जवळ येऊन बसला. मुलगा तिथल्याच पाड्यावरचा, नाशकात संगणक शिकणारा.

"महाराज, मी यंत्राला शिकवतोय. दवाखान्याच्या जुन्या नोंदी त्याला द्यायच्या, मग डॉक्टरांनी आधी कोणत्या पाड्यावर जावं ते यंत्र सांगणार."

यंत्र चालवून पाहिले आणि पोराची झोप उडाली. पावसाळ्यात जेथून आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून खांद्यावर आणावे लागते, नेमके तेच पाडे यंत्राने निरोगी ठरविले! वहीत नोंद नाही, मग रोग तरी कुठला?

आमच्या पाठशाळेत भाट्ट मीमांसकांचा घड्याचा पाठ असे. खोलीत घडा दिसला नाही, तर तो 'नाही' असे केव्हा म्हणावे? असता तर दिसलाच असता, इतका उजेड असेल तेव्हाच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. (शास्त्रीबुवांची छडी खाताना वाटे, कुणाला हवाय हा घडा!) अंधारात 'घडा नाही' म्हणणे हे ज्ञानच नव्हे. आणि दवाखान्याच्या वहीचा उजेड रस्ता जातो तेथवरच पडतो.

मुलगा म्हणाला, अमेरिकेतही हेच घडले. झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात ते दाखविले. तिथले एक यंत्र रोग्यावर झालेला खर्च हीच आजाराची खूण धरी. काळ्या लोकांवर खर्च कमी, म्हणून ते कमी आजारी! ही चूक काढली असता जादा देखभाल मिळणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्के झाले असते. गंमत अशी, की यंत्राला कुणाचा वर्ण सांगितलेलाच नव्हता.

द्वेष कुणाच्याच मनी नाही, तरी अन्याय झाला. मग दोष कुणाचा? यंत्राचा खास नव्हे. अंधार आहे हे ज्याला ठाऊक होते आणि तरी ज्याने 'नाही' लिहू दिले, त्याचा, असे मला वाटते. हे मी त्याला तोंडावर सांगितले.

"मग टाकून देऊ का यंत्र?"

"टाकतोस कशाला? त्याच्या तोंडचा 'निरोगी' शब्द काढ. 'माहीत नाही' म्हणायला शिकव."

तो बराच वेळ गप्प राहिला. "तसं केलं तर निम्म्या पाड्यांपुढे तेच येईल, महाराज. पायी जाऊन विचारावं लागेल. आणि प्रबंध द्यायला तीन आठवडे उरलेत."

मी काही बोललो नाही. सकाळी एस्टीत बसलो तेव्हा तो आशाताईंच्या मागोमाग, खांद्याला पिशवी अडकवून, पाड्याच्या पायवाटेने उतरताना दिसला.