मत तुमचं की चॅनेलचं?

फोन खाली ठेवा आणि नीट ऐका. काल वादविवादाच्या सरावात तुम्ही हुंड्यावर बोललात. आवाज चढवलात, टाळ्याही घेतल्यात. पण एक तरी वाक्य स्वतःचं होतं का? शब्द चॅनेलवाल्यांचे, सूरही त्यांचाच. पाठांतराला मी मत म्हणत नाही.

16 मे 2025 ला मुळशीतल्या भुकूमला सासरी एका मुलीचा जीव गेला. ती आपल्या वाकडची होती. पहिले आठ दिवस तुमच्या तोंडी काय होतं? तिच्या लग्नात दिलेलं 51 तोळे सोनं, फॉर्च्युनर, चांदीची भांडी, लग्नाला आलेले अजित पवार. यादी तोंडपाठ! मग आरोपींच्या वकिलांनी कोर्टात तिच्या चॅटिंगचा विषय काढला, चॅनेलनी तो उचलून धरला, आणि तुमच्यातलेच काही लगेच म्हणू लागले, "सर, टाळी एका हाताने वाजत नाही." लाज नाही वाटली? बचाव करायचा आरोपीला हक्क आहे, तो कोर्टात. तुम्ही डांगे चौकात चहा पीत एका मेलेल्या मुलीच्या चारित्र्याचा पंचनामा करायचा, हा हक्क तुम्हाला कुणी दिला?

त्याच घरातल्या थोरल्या सुनेने 2024 मध्येच राज्य महिला आयोगाकडे छळाची तक्रार केली होती. तेव्हा ब्रेकिंग न्यूज झाली नाही, म्हणून तुमच्या लेखी ती तक्रार नव्हतीच. चॅनेल काय दाखवतं एवढंच पाहू नका. काय दाखवत नाही, तेही विचारा. जिवंत बाईचं गाऱ्हाणं ही बातमी नाही आणि तिचं मरण ही बातमी, हा हिशोब त्यांनी मांडला आणि तुम्ही निमूट मान्य केलात.

बातम्यांचा उपयोग झाला नाही, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या रेट्यानेच लग्नातल्या बडेजावावर समाजाच्या बैठका बसल्या, आचारसंहितेची भाषा सुरू झाली. पण कॅमेरे गेले तसे तुम्हीही गेलात. खटला कुठवर आला, हे नंतर तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं?

वर्तमानपत्रांनी लोकमत घडवणं महाराष्ट्राला नवीन नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची अट 10 वरून 12 वर नेली, तेव्हा टिळकांच्या 'केसरी'ने सरकारच्या हस्तक्षेपाला कडाडून विरोध केला. पुण्यातलं बहुतेक लोकमत त्या बाजूने होतं. आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूने एकटे पडून लिहीत राहिले. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी! त्या गर्दीतही शिकलेली माणसं होती, तुमच्यासारखीच. दुसरा कागद उघडून वाचायला त्यांना कुणी बंदी केली नव्हती.

तुमच्याकडे तर दहा कागद आहेत, खिशात कायदाही आहे. 1961 चा हुंडाबंदी कायदा कुणी वाचलाय? हात वर करा. एकही नाही. त्यात हुंडा घेणं जसा गुन्हा आहे तसाच देणंही, आणि शिक्षा किमान पाच वर्षांची. ही एक ओळ कळली असती, तर त्या तोळ्यांच्या यादीकडे तुम्ही तोंडात बोटं घालून पाहिलं नसतं. पुनावळे-ताथवड्याच्या लॉन्सवर गाडीला रिबीन बांधून चावी देतात, तिथे शिट्ट्या कोण मारतं? फोटो स्टेटसला कोण लावतं? तुम्हीच. आणि सासरी मुलगी मेली की तोच फोन काढून तुम्ही न्याय मागता.

हे सगळं मी चिडून बोलतोय, कारण तुम्ही हुशार आहात आणि डोकं गहाण टाकून बसलायत. परवापर्यंत प्रत्येकाने तो कायदा वाचून यायचं. एकाच दिवसाची, एकाच विषयावरची तीन वर्तमानपत्रं समोर ठेवा आणि कुणी काय वगळलं ते लिहून आणा. आणि यंदा ज्यांच्या घरी लग्न आहे, त्यांनी देण्याघेण्याची बोलणी सुरू झाली की वडीलधाऱ्यांसमोर उभं राहून सांगायचं, "हे आपल्या घरात होणार नाही."