पाळणे आणि बाळगणे

जयपुरात मालवीय नगरच्या बाजूस ज्यांचे बिऱ्हाड पडले आहे, त्यांना झालानाच्या डोंगराची ओळख करून देण्याचे कारण नाही. वस्ती संपते तेथे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे रान आहे. एके काळी जयपूरच्या राजांचे हे शिकारीचे रान. त्यांची शिकारीची ओदी अजून तेथे उभी आहे. आज ते बिबळ्यांसाठी राखलेले वन असून सुमारे २० चौरस किलोमीटरांच्या त्या टापूत बिबळे, तरस, नीलगायी आणि मोर नांदतात. रात्री एखादा बिबळ्या वस्तीत उतरतो, सकाळी त्याची बातमी होते आणि आम्ही सारे वेळेवर कचेरीत हजर होतो. रान आणि नोकरदारांची वस्ती यांचा इतका निकट शेजार आम्ही तरी अन्यत्र पाहिला नाही.

गेल्या पावसाळ्यात एके सायंकाळी आमचे चिरंजीव, वय वर्षे आठ, मोराचे एक पिल्लू सदऱ्यात गुंडाळून घरी घेऊन आले. भिंतीच्या कडेला मांजर त्याच्या पाठी लागले होते. त्याच्या तावडीतून त्याने ते सोडविले होते. आम्ही मुलाची पाठ थोपटली. खोक्यात जुने फडके अंथरले, बशीत पाणी ठेवले. त्या रात्री भिंतीपलीकडे एक लांडोर बराच वेळ ओरडत होती. तिच्या ओरडण्याचा अर्थ आम्हांस कळला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. तो कळला होता. परंतु तोवर पिल्लू मुलाच्या तळहातावर झोपी गेले होते, आणि बाहेर पाऊस होता.

नऊ दिवस ते आमच्या घरी राहिले. मुलाच्या मागोमाग ते या खोलीतून त्या खोलीत धावे, आणि तो शाळेत गेला की दाराशी बसून चिवचिवाट करी. राष्ट्रीय पक्षी सरकारी नोकराच्या घरात, आणि तोही खोक्यात, ही गोष्ट मनाला टोचू लागली तेव्हा आम्ही वनखात्यास कळविले. आलेला वनरक्षक वयस्क आणि सौम्य होता. त्याने पिल्लू पाहिले, मुलाकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “उसी शाम वापस क्यों नहीं रख दिया?” पहिल्याच संध्याकाळी ते भिंतीपलीकडे ठेवले असते तर आईने ते घेतले असते. आता ते माणसामागे धावावयास शिकले होते. तो ते घेऊन गेला. रात्री मुलगा जेवला नाही. पांघरुणातून त्याने विचारले, “बाबा, मी त्याला वाचवलं ना? मग ते माझं का नाही?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या रात्री देता आले नाही. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

रानातला जीव घरी आणून वाढविण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. आपणांपैकी अनेकांच्या आजोळी पिंजऱ्यात राघू असेल. आमचे आजोळ चंद्रपूर जिल्ह्यातले, रानाला लागून असलेले गाव. तेथे आमच्या मामांनी चितळाचे एक पाडस वाढविले होते. आई मेलेली, पाडस बांधावर सापडलेले. शेळीच्या दुधावर ते जगले. ते अंगणात आमच्याबरोबर खेळे, घरच्या कुत्र्यांच्या अंगाला अंग लावून झोपे, मामांच्या हातची भाकरी खाई. पाहुणे येत ते आधी पाडस पाहावयास आणि मग आम्हांस. तिसऱ्या वर्षी त्यास शिंगे आली आणि त्याने एका मुलास धडक दिली, म्हणून त्याच्या गळ्यात दावे पडले. एके दिवशी दावे तोडून ते शेताकडे गेले. तेथे परक्या वाडीची कुत्री होती. ज्यांनी पाहिले ते सांगत की ते पळालेच नाही. कुत्री धावून येईपर्यंत ते मान उंचावून उभे राहिले. कुत्र्यांस भ्यावे हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते.

मामा पुढे कितीतरी दिवस म्हणत की कुत्र्यांनी मारले. आज आम्हांस वाटते की त्याला मारणाऱ्यांत आमच्या घरचे प्रेमही होते. रानातल्या जिवाजवळ संरक्षणाचे एकच मोठे साधन असते, ते म्हणजे भय. आपण प्रथम तेच काढून घेतो, आणि ते निघून गेले याचाच आपणांस आनंद होतो. ‘माणसाळले’ हा शब्द आपण किती कौतुकाने उच्चारतो! वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ असा की ते आता रानाचे उरले नाही. मनुष्याचे ते पूर्णपणे झाले आहे, असे मात्र त्या शब्दात कोठेही म्हटलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की गाय, कुत्रा, घोडा हीही एके काळी रानटीच होती. मग पाडसाने काय केले? आक्षेप योग्य आहे, पण त्याचे उत्तर कठीण नाही. कुत्र्याची जात हजारो वर्षे, शेकडो पिढ्या माणसाच्या संगतीत घडत आली आहे. त्याला जोडीदार मिळतो, त्याची पिल्ले होतात, त्याचा वंश माणसाच्या दारातच चालतो. पाडस मात्र एकटेच येते. त्याच्या मागे कळप नाही आणि पुढे वंश नाही. एक जात माणसाने आपलीशी करणे वेगळे आणि एका जिवास त्याच्या जातीपासून पोरके करणे वेगळे.

या भेदाचे सर्वांत मोठे उदाहरण चित्त्याचे आहे. ज्या जयपुरात आपण राहतो तेथे रामगंजच्या बाजूस ‘चीतावालों का मोहल्ला’ आहे. राजाचे शिकारी चित्ते सांभाळणाऱ्या कुटुंबांचे नाव त्या वस्तीस पडले. आपल्या कोल्हापुरातही छत्रपतींच्या पदरी चित्ते आणि चित्तेवान होते. चित्त्यास खाट मिळे, गाडी मिळे, डोळ्यांवर टोपी मिळे आणि त्याची निगा राखावयास माणसे मिळत. अकबराने आयुष्यभरात नऊ हजार चित्ते जमविले असे जहांगीराने नमूद केले आहे. परंतु कैदेत पिल्ले झाल्याची नोंद मोगलांच्या त्या साऱ्या वैभवात एकदाच आढळते, तीही जहांगीराच्याच काळात. पुढे १९५६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात चित्त्यास पिल्ले झाली, तेव्हा ती जगभर नवलाची गोष्ट ठरली. म्हणजे दरबारी पोसलेला प्रत्येक चित्ता रानातून एक चित्ता वजा करूनच आलेला होता. विसाव्या शतकात तर देशी चित्ता मिळेना, म्हणून कोल्हापूरकरांनी तो आफ्रिकेहून आणविला. शेवटचे तीन चित्ते १९४७ च्या सुमारास कोरियाच्या महाराजांनी मारले आणि १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. दोष आपण बंदुकीस देतो, आणि तो खोटा नाही. माळरानेही नांगराखाली गेली. पण त्यांच्या आधी कित्येक शतके हौशी धन्यांच्या प्रेमाने तेच काम चालविले होते. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते कूनोच्या रानात आणावे लागले, ते या जुन्या हिशोबाची बाकी भरण्यासाठीच.

आपल्या जुन्या कथांनाही हा प्रश्न ठाऊक होता. भागवतातील भरत राजा राज्य सोडून वनात गेला, आणि नदीच्या प्रवाहात पडलेले हरिणीचे पोर त्याने वाचविले. पुढे त्याचे चित्त त्या पाडसात इतके गुंतले की मरतेवेळी त्याला त्याचेच स्मरण राहिले आणि त्याला हरिणाचा जन्म घ्यावा लागला. कीर्तनकार या कथेवरून आसक्तीचा दोष सांगतात. आम्हांस मात्र अलीकडे निराळाच विचार सुचतो: राजाच्या मृत्यूनंतर त्या पाडसाचे काय झाले? कथा राजाच्या मागोमाग पुढच्या जन्मात जाते; पाडस आश्रमात तसेच राहते. कालिदासास हे दिसले होते. शकुंतला सासरी निघते तेव्हा तिने वाढविलेले हरिणाचे पोर तिचा पदर ओढते आणि तिला थांबावे लागते. ती त्यास सांगते की आता तात तुझी काळजी घेतील. निरोपाचा तो प्रसंग वाचून पिढ्यान्पिढ्या डोळे ओले झाले. पण त्यातली व्यावहारिक गोष्ट ही की शकुंतलेची बदली झाली होती, आणि तिच्या पश्चात सांभाळावयास सुदैवाने कण्व होते.

बदली हा शब्द या मासिकाच्या वाचकांस कोणी समजावून सांगावयास नको. आपण तीन वर्षे येथे, चार वर्षे तेथे असे आयुष्य काढणारी माणसे. आपल्या मुलांच्या शाळा बदलतात, भाषा बदलतात, खेळगडी बदलतात. ती रडतात आणि सावरतात. माणसाळलेल्या जिवास ती सोय नाही. म्हणून आम्हांस मराठीतील ‘पाळणे’ या क्रियापदाचे महत्त्व फार वाटते. आपण वचन पाळतो, नियम पाळतो, वेळ पाळतो आणि जनावरही पाळतो. भाषेने एकच शब्द योजिला आहे. जनावर पाळणे म्हणजे त्यास शब्द देणे, आणि त्या शब्दाची मुदत आपल्या हौशीवर नव्हे, तर त्याच्या आयुष्यावर ठरलेली असते. जो इतकी मुदत भरू शकत नाही, तो पाळीत नाही. तो नुसता बाळगतो. छत्री बाळगावी, किल्ली बाळगावी. जीव बाळगण्याची वस्तू नव्हे.

पाळणे कसे असते हे पाहावयाचे तर हेमलकसा पाहावे. बाबा आमटे यांनी १९७३ साली गडचिरोलीच्या भामरागड भागात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो आपले आयुष्य मानून चालविला. शिकारीहून परतणाऱ्या माडिया लोकांनी मारलेल्या वानरीच्या अंगाला तिचे जिवंत पिल्लू चिकटलेले डॉ. प्रकाशांनी पाहिले आणि ते मागून घेतले. तेथून पोरक्या प्राण्यांचे ते अनाथालय वाढले. बिबळे, अस्वले, हरिणे तेथे लहानाची मोठी झाली. यातील दोन गोष्टी आम्हांस लक्षात घेण्याजोग्या वाटतात. ज्याची आई शिल्लक होती त्यास तिच्यापासून तोडण्यासाठी हे अनाथालय निघाले नव्हते. आई आधीच गेलेली होती. आणि पाळणारा माणूस तेथून हलला नाही. प्राणी त्यांचे झाले असे म्हणण्यापेक्षा ते प्राण्यांचे झाले असे म्हणणे अधिक बरोबर होईल. एवढे करावयाची ज्याची तयारी, त्याने हा शब्द द्यावा.

कायद्याने हा विषय आपल्या परीने मिटविला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच जिवंत पकडणे येते. कायद्याविरुद्ध पाळलेले रानटी जनावर सरकारची मालमत्ता ठरते. पिंजऱ्यातला राघूदेखील यातून सुटत नाही. आम्ही कायदा राबविणाऱ्यांच्या पंक्तीतले, त्यामुळे त्याची बाजू घेणे आमचे कर्तव्य आहे आणि मतही. तरीही एक गोष्ट लपवून चालणार नाही. अमेठी जिल्ह्यात एका शेतकऱ्याने २०२२ साली जखमी सारस पक्षी बरा केला. त्याने त्यास बांधले नाही, कोंडले नाही. पक्षी मोकळा असूनही त्याच्या मोटारसायकलीमागे उडत जाई. मार्च २०२३ मध्ये वनखात्याने तो नेला, आणि प्रथम अभयारण्यात व नंतर कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला. शेतकरी भेटीस गेला तेव्हा पिंजऱ्यातला सारस उड्या मारू लागला, ते दृश्य देशाने पाहिले. मोकळा पक्षी नियमाच्या पालनासाठी पिंजऱ्यात गेला, हे पाहून कोणाचेही मन अस्वस्थ होईल. नियम पाळला गेला. पक्षी पाळला गेला का? आम्हांस वाटते की कायदा ‘हा तुझा नव्हे’ एवढे अचूक सांगू शकतो. त्या जिवाचे पुढे काय करावे, हे त्याला प्रत्येक वेळी नव्याने, आणि दयाबुद्धीने, ठरवावे लागेल. आणि ही वेळ मुळात येऊ न देण्याची जबाबदारी त्या पहिल्या संध्याकाळी हाती पिल्लू असणाऱ्या माणसाची आहे.

म्हणून मुलाच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे ठरले: वाचविल्याने जीव आपला होत नाही. बुडत्या माणसास वर काढणारा त्याला घरी गडी म्हणून ठेवून घेत नाही. त्याच्या घरी पोचवितो. पोचविले की वाचविणे पुरे होते. आम्ही ते अर्ध्यावर सोडले, आणि उरलेल्या अर्ध्याला प्रेम हे नाव दिले.

हे सारे आम्ही मुलास सोप्या शब्दांत सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “पण बाबा, लांडोर ओरडत होती ते तुम्ही ऐकलं होतं ना?” आम्ही हो म्हणालो. तेवढे तरी त्याला खरे सांगणे भाग होते.

यंदाचा पाऊस सुरू झाला आहे. संध्याकाळी भिंतीकडे मोर ओरडतात आणि मुलगा गच्चीत जाऊन उभा राहतो. गेल्या आठवड्यात त्याने भिंतीलगतच्या गवतातून एका मांजरास हुसकावून लावले आणि तो रिकाम्या हातांनी घरी आला. आम्ही काही विचारले नाही. त्यानेच सांगितले की तेथे दोन पिल्ले होती आणि त्यांची आई जवळच होती.