सोनोग्राफी, गर्भातील मुलगी आणि आपली जबाबदारी



वैद्यकीय यंत्रे आता केवळ इस्पितळापुरती राहिलेली नाहीत. साखर मोजण्याचे यंत्र घराच्या फडताळात आले, रक्तदाब मोजण्याचा पट्टा वडीलधाऱ्यांच्या उशाशी आला आणि घरात सुनेला दिवस गेले की सोनोग्राफीची तारीख ठरवणे हा कुटुंबाचा नित्याचा भाग झाला. यंत्र घरच्या व्यवहारात शिरले की त्याला घरचे प्रश्नही विचारले जाऊ लागतात. त्यांपैकी एका प्रश्नाविषयी आज आपण दिव्य कुरआन व प्रेषितांच्या शिकवणुकीच्या प्रकाशात विचार करू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गर्भाशयात काय आहे हे अल्लाहच जाणतो असे सूरह लुकमानच्या शेवटी सांगितले आहे; मग सोनोग्राफी करणे हा श्रद्धेला विरोध नाही काय, असे काही वडीलधारी विचारतात आणि सुनेला तपासणीला जाऊ देत नाहीत. हा निष्कर्ष बरोबर नाही. ध्वनिलहरींच्या साहाय्याने पोटातील गाठी व गर्भ पाहण्याच्या पद्धतीविषयी ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून या यंत्राने असंख्य मातांचे प्राण वाचविले. वार खाली सरकली आहे काय, गर्भ नळीत अडकला आहे काय, बाळाची वाढ नीट होत आहे काय, हे ते वेळीच दाखविते. यंत्र पडद्यावर केवळ एक आकृती दाखविते. त्या जिवाचे आयुष्य किती, त्याची रोजी किती, तो सद्वर्तनी निघेल की दुर्वर्तनी, आईबापांच्या म्हातारपणी कोण त्यांच्या उशाशी बसेल, हे ज्ञान सर्वस्वी अल्लाहचे आहे. उपचार करण्याची आज्ञा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. म्हणून गर्भवतीची तपासणी जरूर करावी, वेळेवर करावी.

परंतु याच यंत्राला आपल्या खान्देशात दुसराही प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर जनगणनेत उमटले. शून्य ते सहा वर्षे वयोगटात जळगाव जिल्ह्यात २००१ साली दर हजार मुलांमागे ८८० मुली होत्या. २०११ साली त्या ८४२ उरल्या. त्या वर्षी महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता. धुळे जिल्ह्यातही तो ९००च्या खाली उतरला. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्माला येतात. ज्या जळगावात सोन्याची पेढी चालते, रावेर-यावलच्या केळीचे ट्रक दूरदूरच्या बाजारांत जातात, तेथे मुली का कमी झाल्या? कारण दारिद्र्य नव्हते. ज्यांच्याजवळ तपासणीचे पैसे होते त्यांनी ते यासाठी वापरले.

काही बांधव म्हणतील की हे आपल्या समाजाचे दुखणे नाही. २००१ च्या जनगणनेत देशातील मुस्लिमांचे हे प्रमाण ९५० होते, देशाच्या ९२७ या सरासरीहून चांगले. अल्हम्दुलिल्लाह, ही समाधानाची गोष्ट आहे. पण दुसऱ्याच्या पापाशी तुलना करून कोणी नेक ठरत नाही. जिल्ह्याचा आकडा मोजताना आपलीही घरे मोजली गेली आहेत. शिवाय ज्या मानसिकतेतून गर्भातील मुलगी नाकारली जाते, ती मानसिकता आपल्या उंबरठ्याच्या आत नाही असे छातीवर हात ठेवून कोण म्हणू शकेल?

या मानसिकतेचे चित्र दिव्य कुरआनाने चौदाशे वर्षांपूर्वी रेखाटले आहे. मुलगी झाल्याची वार्ता मिळताच अरबाचा चेहरा काळवंडे, तो दुःख गिळून लोकांपासून तोंड लपवी आणि अपमान सोसून तिला ठेवावे की मातीत पुरावे या विचारात पडे, असे सूरह नहलमध्ये आले आहे. लक्षात घ्यावे, अल्लाहने पुरण्याचा उल्लेख करण्यापूर्वी काळवंडलेल्या चेहऱ्याचा उल्लेख केला. गुन्ह्याची सुरुवात हातातून होत नाही, चेहऱ्यावरून होते. आज मुलगी झाली म्हणून पेढ्याऐवजी केवळ साखर वाटणारा, ‘असू दे, पुढच्या वेळी’ म्हणून सुनेचे सांत्वन करणारा, याच चेहऱ्याचा वारसदार आहे.

सूरह तकवीरमध्ये तर कयामतच्या दिवशी जिवंत पुरलेल्या मुलीलाच विचारले जाईल की तिला कोणत्या अपराधासाठी मारले गेले. भाष्यकार सांगतात की पुरणारा इतका तिरस्करणीय ठरेल की त्याच्याशी बोलण्याऐवजी अत्याचार झालेलीला बोलते केले जाईल. पोटातील बाळाचे लिंग साधारणतः चौथ्या-पाचव्या महिन्यात यंत्रावर स्पष्ट दिसू लागते. हदीसनुसार गर्भाला १२० दिवस झाले की त्यात आत्मा फुंकला जातो, आणि त्यानंतर गर्भपात करणे, मातेच्या प्राणाला धोका असल्याखेरीज, शास्त्रवेत्त्यांनी निषिद्ध मानले आहे. त्याआधीही मुलगी असणे हे कोणत्याही अर्थाने कारण होऊ शकत नाही.

देशाचा कायदाही हेच सांगतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानेच १९८८ साली केला; १९९४ साली केंद्राचा कायदा झाला व २००३ साली तो अधिक कडक झाला. या कायद्यातील एक तरतूद प्रत्येक पुरुषाने मनावर कोरून ठेवावी. गर्भवतीची अशी तपासणी झाली, तर उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय असे गृहीत धरते की पतीने किंवा नातेवाइकांनीच तिला भाग पाडले. कायदा करणाऱ्यांनाही आपली घरे ठाऊक आहेत. आणि शास्त्र सांगते की अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्राने ठरते. मग मुली झाल्या म्हणून पत्नीला टोमणे मारणे, तलाकची धमकी देणे वा दुसऱ्या लग्नाची भाषा करणे, हा उघड अन्याय नव्हे काय?

मुलासाठी दुआ करणे गैर नाही. हजरत जकरिया (अ.) यांनी संततीसाठी दुआ केली होती. मशिदीत नमाजनंतर ‘मौलाना, या वेळी मुलगा होऊ दे म्हणून दुआ करा’ असे म्हणणारे बांधव मलाही भेटतात. त्यांना मी हजरत मरयम (अ.) यांच्या मातेची हकीकत सांगतो. पोटातील बाळ अल्लाहच्या घराच्या सेवेसाठी अर्पण करण्याचा नवस त्यांनी केला होता. त्यांच्या मनात मुलगा होता, जन्मली मुलगी. अल्लाहने त्या मुलीचा उत्तम स्वीकार केला आणि तिच्या पोटी हजरत ईसा (अ.) जन्मले. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र बालपणीच निवर्तले, त्यांचा वंश हजरत फातिमा (र.) या कन्येपासून चालला. संतती देण्याचा उल्लेख करताना सूरह शूरामध्ये मुलींचे नाव मुलांच्या आधी घेतले आहे.

तेव्हा खरा प्रश्न असा, की मुलगी घराला ओझे का वाटते? यंत्राने हे ओझे निर्माण केले नाही. आपण हुंड्याला ‘जहेज’ हे नाव देऊन ते निर्माण केले. तिचा वारसाहक्क नाकारून आपण तिला परक्याचे धन ठरविले. सूरह निसामध्ये अल्लाहने मुलीचा वाटा स्वतः निश्चित केला आणि या मर्यादा ओलांडणाऱ्यांना कठोर इशारा दिला. आपल्याकडे मात्र वडिलांच्या मय्यतीनंतर काही दिवसांतच बहिणींपुढे हक्कसोड पत्र ठेवले जाते आणि ‘भावाशी नाते ठेवायचे ना?’ असे विचारून सही घेतली जाते. ही सही खुशीची म्हणता येईल काय? कोणी जिवंतपणीच घर, यंत्रमाग वा शेत मुलांच्या नावे करून टाकतो. एका सहाबींना आपल्या एकाच मुलाला देणगी द्यावयाची होती, तेव्हा सर्व अपत्यांना तसेच दिले काय असे प्रेषितांनी विचारले आणि त्या देणगीचे साक्षीदार होण्यास नकार दिला. ज्या घरात लेकीचा वाटा बुडतो, त्या घराने गर्भपात केला नसला तरी मुलीची किंमत कमी लावलीच आहे.

म्हणून वाचकहो, सोनोग्राफीच्या खोलीत बाळ व बाळंतीण सुखरूप आहेत काय एवढेच विचारावे. डॉक्टरांना खुणेने वा अन्य मार्गाने दुसरे काही विचारू नये, आणि कोणी सांगू लागल्यास ऐकू नये. मुलगी जन्मली की अकीका आनंदाने करावा, तिला शिकवावे, हुंडा देऊ-घेऊ नये आणि तिचा वाटा सातबाऱ्यावर तिच्या नावे उतरवावा. दोन मुलींचे नीट संगोपन करणारा कयामतच्या दिवशी जोडलेल्या दोन बोटांसारखा आपल्या निकट असेल, अशी शुभवार्ता प्रेषितांनी दिली आहे. हे सान्निध्य कोणत्या बापाला नको असेल?

अल्लाह आपल्या माताभगिनींची बाळंतपणे सुखरूप करो, आपल्या लेकींना आपल्या डोळ्यांचा थंडावा बनवो आणि त्यांचे हक्क अदा करण्याचे बळ आम्हा पुरुषांना देवो. आमीन.